फोन आणि कॉम्प्युटर वायफायवर सिंक करायचाय? आधी डिलीटचं बघा

फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर नेण्यासाठी स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणारी माणसं अजून आहेत. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, मग अल्बमसाठी प्रिंट काढली की चेहरे पुसट येतात आणि शिव्या स्टुडिओवाल्याला. केबलचंही कौतुक सांगू नका. पाच हजार फोटो एकदम कॉपीला लावायचे, केबल जरा हलली की सगळं अडकायचं, आणि कुठले आले नि कुठले राहिले याचा हिशेब आपण लावत बसायचा.

एखादीच फाइल पलीकडे टाकायची असेल तर क्विक शेअर किंवा लोकलसेंड यांसारखं फाइल पाठवायचं अ‍ॅप पुरे. त्यासाठी हा लेख वाचत बसू नका. मी सांगतोय ते रोजचं: तुम्ही घरी आलात, फोन वायफायला लागला, आणि दिवसभरात काढलेले फोटो, स्कॅन केलेले कागद, रेकॉर्डिंग काही न करता कॉम्प्युटरवर उतरले.

यासाठी मी सिंकथिंग नावाचं सॉफ्टवेअर वापरतो, ते दोन यंत्रांवरचे फोल्डर आपोआप सारखे ठेवतं. फुकट आहे, मुक्त-स्रोत आहे, खातं उघडावं लागत नाही, आणि मध्ये कुणाच्या सर्व्हरवर फाइली साठवल्या जात नाहीत. दोन्ही यंत्रं घरच्या वायफायवर असली की फाइल थेट इकडून तिकडे जाते, नेटचा डेटा खर्ची पडत नाही. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट साठवण बंद केली. आता १५ जीबीच्या खोलीत जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो अशा तिघांचं बिऱ्हाड आहे, ते किती दिवस पुरणार?

हे सगळं अँड्रॉइडसाठी. आयओएस कुठल्या अ‍ॅपला मागे सतत चालू राहू देत नाही, त्यामुळे आयफोनवर हा खेळ अर्धाच रंगतो.

कॉम्प्युटरवर सिंकथिंगच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींसाठी आहे. फोनच्या बाबतीत मात्र जुने लेख वाचून फसू नका. मूळ अँड्रॉइड अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. आता त्यावरून निघालेलं 'सिंकथिंग-फोर्क' घ्यायचं, एफ-ड्रॉइड या मुक्त-स्रोत अ‍ॅप्सच्या भांडारावरून. उघडल्यावर सगळ्या फाइलींची परवानगी मागेल, ती द्या. फाइली हलवणाऱ्या अ‍ॅपला फाइलींची परवानगी नाकारून नंतर 'काही होतच नाही' म्हणणारे मी पाहिलेत.

जोडणी सोपी आहे. कॉम्प्युटरवर सिंकथिंगचं पान ब्राउझरमध्ये उघडतं. तिथे 'अ‍ॅक्शन्स'मध्ये 'शो आयडी' दाबा, क्यूआर कोड येईल, तो फोनच्या अ‍ॅपमधून नवं डिव्हाइस जोडताना स्कॅन करा, आणि कॉम्प्युटरवर जी विचारणा येईल तिला हो म्हणा. आयडी ५६ अक्षरांचा असतो, हाताने टाइप करायच्या फंदात पडू नका.

दोघं एकमेकांना दिसत नसतील तर अ‍ॅप काढून परत टाकू नका, त्याने काही होत नाही. फोन राउटरच्या गेस्ट वायफायवर आहे का ते बघा. गेस्टवरची यंत्रं सहसा एकमेकांना दिसू दिली जात नाहीत. 'एपी आयसोलेशन' किंवा तत्सम नावाची सेटिंग राउटरमध्ये चालू असली तरी तेच होतं. तेही ठीक असेल तर विंडोजमध्ये तुमचं घरचं वायफाय 'पब्लिक' म्हणून नोंदलंय का पाहा, 'प्रायव्हेट' करा, आणि फायरवॉलने विचारलं तर सिंकथिंगला परवानगी द्या. बहुतेकांचं घोडं या तिघांपैकी एका ठिकाणी अडतं.

फोल्डर फोनकडून शेअर करा: डीसीआयएम या फोनच्या फोटोंच्या फोल्डरमधला 'कॅमेरा'. अख्खं स्टोरेज शेअर करायचा मोह टाळा, हजारो फुटकळ फाइलींचा कचरा येतो. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो हवे असतील तर नव्या फोनमध्ये ते 'अँड्रॉइड', त्यात 'मीडिया', त्यात व्हॉट्सअ‍ॅपचा फोल्डर असे दडलेले असतात. तो वेगळा शेअर करा, कॅमेऱ्यात मिसळू नका, नाहीतर मुलाच्या बारशाच्या फोटोंत सुप्रभातची फुलं येतील.

आता खरी गोष्ट. इथे मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलोय.

आजोबांची एक रोजनिशी कोल्हापूरला काकांकडे होती. त्यांनी आठ दिवसांच्या बोलीवर दिली. २१२ पानं. शाई इतकी उडाली होती की ट्यूबलाइटखाली काही वाचता यायचं नाही. म्हणून रोज सकाळी दहाच्या उजेडात खिडकीशी धरून एकेक पान फोनने टिपलं. सिंक लावलेलं होतंच, पानं कॉम्प्युटरवर उतरत गेली. वही परत केली. पंधरा दिवसांनी फोन कुरकुरायला लागला, जागा संपली. पानं कॉम्प्युटरवर आहेतच की, असं म्हणून फाइल मॅनेजरमध्ये सगळी निवडली आणि डिलीट केली. समोर कॉम्प्युटरवर तोच फोल्डर उघडा होता. मिनिटभर काहीच झालं नाही. मग खालच्या कोपऱ्यातला आकडा २१२ चा १३० झाला, लगेच ४१, आणि छोटी चित्रं वरच्या ओळीत भराभर सरकत नाहीशी झाली. वायफाय बंद करायला उठलो तोवर फोल्डर रिकामा. रीसायकल बिनमध्ये पाहिलं, तिथेही काही नाही, कारण सिंकथिंगने पुसलेली फाइल तिथे जातच नाही. काकांना फोन केला तर म्हणाले, "आत्ता तर परत दिलीस की रे!"

चूक सिंकथिंगची नव्हती. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखं ठेवणं. इकडे फोटो आला तर तिकडे येतो, इकडे गेला तर तिकडे जातो. बॅकअप वेगळा. बॅकअपला डिलीट कळत नाही, म्हणूनच तो कामाचा. हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरणारा लेख दिसला की मी पुढे वाचत नाही.

सगळ्यात घातक सल्ला हा: "फोनवर 'सेंड ओन्ली' करा, मग फोटो सुरक्षित." मी त्यावरच विसंबलो होतो. 'सेंड ओन्ली' म्हणजे बदल फोनकडून कॉम्प्युटरकडे जातील, उलटे येणार नाहीत, एवढंच. फोनवर फोटो डिलीट करणं हासुद्धा बदलच. तोही तितक्याच इमानदारीने पाठवला जातो. म्हणजे या सेटिंगने फोन कॉम्प्युटरपासून वाचतो, कॉम्प्युटर फोनपासून वाचत नाही. आणि आपण डिलीट कुठे करतो? फोनवर.

दुसरा सल्ला अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमधल्या 'इग्नोर डिलीट'चा, म्हणजे समोरून आलेलं डिलीट मानायचंच नाही. चालतो, पण दोन्हीकडचे आकडे कायमचे जुळेनासे होतात, आणि खरंच काही बिघडलं तर कळायला मार्ग राहत नाही. सिंकथिंगच्या माहितीपानांवरच तो वापरू नका म्हणून बजावलंय. मी कुणाच्याही घरी लावत नाही.

मी लावतो ते असं. फोनवर त्या फोल्डरचा प्रकार 'सेंड ओन्ली', कॉम्प्युटरवर 'रिसीव्ह ओन्ली', म्हणजे नुसतं घ्यायचं, पाठवायचं नाही. मग कॉम्प्युटरवर, पुन्हा सांगतो, कॉम्प्युटरवर, त्या फोल्डरच्या 'एडिट'मध्ये 'फाइल व्हर्जनिंग' उघडायचं आणि 'ट्रॅश कॅन' निवडायचं. ही सेटिंग प्रत्येक यंत्राची स्वतंत्र असते. फोनवर लावलीत तर कॉम्प्युटरला तिचा काडीचा उपयोग नाही, कारण व्हर्जनिंग फक्त समोरून आलेल्या बदलांना लागू होतं. फोनने 'हा फोटो पुसला' असं कळवलं की कॉम्प्युटर आपली प्रत फेकून न देता बाजूला ठेवतो. खाली किती दिवसांनी साफ करायचं ते विचारलेलं असतं. शून्य म्हणजे कधीच नाही. डिस्कवर जागा असेल तर शून्य ठेवा, नसेल तर १८०. पाच-सात दिवस ठेवणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: फोटो गेलाय हे तुम्हाला पाच दिवसांत कळतं का? मला तर पुढच्या गणपतीत कळतं.

बाजूला ठेवलेल्या प्रती त्याच फोल्डरच्या आत 'एसटीव्हर्जन्स' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. त्याच्या नावाआधी टिंब असतं. दिसत नसेल तर विंडोजमध्ये लपलेल्या फाइली दाखवायला सांगा. तिथून काढून घ्या, नाहीतर सिंकथिंगच्या पानावर त्या फोल्डरखाली 'व्हर्जन्स'चं बटण आहे, तिथूनही परत आणता येतं.

आणि हे लावल्यावर तपासा. चहाच्या कपाचा एक फोटो काढा. कॉम्प्युटरवर आला? आता फाइल मॅनेजरमधून फोनवरचा डिलीट करा, दोन मिनिटं थांबा, आणि 'एसटीव्हर्जन्स'मध्ये तो कप सापडतो का बघा. सापडेपर्यंत एकही खरा फोटो पुसायचा नाही. मुद्दाम फाइल मॅनेजर म्हणतोय. गॅलरीतून पुसलं तर बऱ्याच फोनमध्ये फाइल लगेच जात नाही, फक्त तिच्या नावाआधी टिंब आणि 'ट्रॅश्ड' लागतं, ती महिनाभर तशीच पडून राहते आणि त्याच अवतारात कॉम्प्युटरवरही येते. तसलं काही दिसलं तर घाबरू नका.

गूगल फोटोजमधलं 'फ्री अप स्पेस' बटणही लक्षात ठेवा. ते फोनवरच्या प्रती पुसतं, आणि सिंकथिंगच्या लेखी ते साधं डिलीटच. ज्यांच्या घरी व्हर्जनिंग न लावता सिंक चालू आहे, त्यांनी हे बटण दाबण्याआधी वरचे तीन परिच्छेद परत वाचावेत.

आणखी एक सापळा. सिंक होणाऱ्या प्रत्येक फोल्डरमध्ये 'एसटीफोल्डर' नावाची खूण असते, तिच्याही नावाआधी टिंब. ती सापडली नाही की सिंकथिंग काम थांबवतं आणि फोल्डरची खूण गायब असल्याची तक्रार करतं. साफसफाईची अ‍ॅप्स ही खूण रिकामा फोल्डर समजून उडवतात. अशा वेळी सर्रास सल्ला मिळतो: त्या नावाचा फोल्डर हाताने बनवा, चालू होईल. होईल, पण आधी फोटो जागेवर आहेत का ते डोळ्यांनी बघा. फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर असेल आणि डिस्क लावलेलीच नसेल, तर रिकाम्या जागी खूण बनवून तुम्ही सिंकथिंगला सांगताय की सगळे फोटो मीच पुसले. दोन्ही बाजूंना पाठवायची मुभा असेल तर तो निरोप फोनलाही जातो. थांबलेलं सिंक तुमच्या भल्यासाठी थांबलेलं असतं.

बाकी किरकोळ. 'रिसीव्ह ओन्ली' फोल्डरमध्ये कॉम्प्युटरवर काही बदल केला की 'रिव्हर्ट लोकल चेंजेस'चं बटण उगवतं. कुतूहल म्हणून दाबू नका, तुम्ही केलेलं काम पुसून फोनसारखं करून टाकतं. फाइलच्या नावात विसर्गासारखी दोन टिंबं किंवा प्रश्नचिन्ह असेल तर विंडोज ती घेत नाही. रेकॉर्डिंगच्या अ‍ॅप्सना नावात वेळ घालायची खोड असते, तिथे हे हमखास भेटतं. फोनवर नाव बदला, झालं.

सिंक दोन दिवस चालून आपोआप बंद पडलं तर दोष बॅटरी वाचवणाऱ्या यंत्रणेचा. अँड्रॉइड ६ पासून फोन पडून असला की मागची अ‍ॅप्स झोपवली जातात, आणि काही कंपन्यांचे फोन त्याहून कडक असतात. सेटिंगमध्ये सिंकथिंग-फोर्कसाठी बॅटरीचं बंधन काढा, 'ऑटोस्टार्ट' असेल तर चालू करा. सिंकथिंगमध्येच फक्त चार्जिंगवर असताना चालण्याची सोय आहे. मी तीच ठेवतो: रात्री फोन चार्जिंगला, सकाळी फोटो कॉम्प्युटरवर. फक्त ठरावीक वायफायवर चालवायचं असेल तर अ‍ॅप लोकेशनची परवानगी मागेल. अँड्रॉइडमध्ये वायफायचं नाव कळायला ती लागते, पाळत ठेवायला नाही.

पहिलं सिंक रात्रभर चालू द्या, मध्ये लुडबुड नको.

महिन्यातून एकदा मी कॉम्प्युटरवरच्या सिंक फोल्डरमधले फोटो सिंकबाहेरच्या, साल-महिन्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये कॉपी करतो. कट नाही, कॉपी. कॉपी पूर्ण झाली, चार-दोन फोटो उघडून पाहिले, की मगच फोन साफ. एडिटिंग, प्रिंट, जे काय करायचं ते त्या बाहेरच्या प्रतीवर.

जुना फोन विकताना तर क्रम चुकवूच नका. बरेच जण आधी गॅलरी रिकामी करतात, मग फोन रीसेट. आधी कॉम्प्युटरवर सिंकथिंगमधून तो फोन काढून टाका, मगच त्याच्यावरचं काय ते पुसा. काकांनी वही दुसऱ्यांदा दिली तेव्हा मी फोन घरी ठेवून गेलो आणि स्कॅनर घेऊन गेलो. काका गालात हसले, पण आठ दिवसांची बोली काही वाढवली नाही.