ट्यूनर बसवल्यावर गाडी नीट चालत नसेल, तर मॅपला शेवटी हात लावा

बाइकला ट्यूनर, म्हणजे इंजिनाला मिळणारं पेट्रोल कमीजास्त करणारा डबा, बसवला आणि गाडी झटके देऊ लागली, स्लोला बंद पडू लागली किंवा पेट्रोल पिऊ लागली, की बहुतेक जण लॅपटॉप उघडून मॅपमधले, म्हणजे कुठल्या आरपीएम आणि थ्रॉटलला पेट्रोल किती टक्के बदलायचं त्या तक्त्यातले, आकडे हलवायला लागतात. दोष वायरिंगमध्ये किंवा गाडीतच असेल, तर आकडे बदलून तो फक्त झाकला जातो. म्हणून आधी वायरिंग आणि गाडी तपासायची, मॅपला हात शेवटी लावायचा.

इथे मुख्यतः पिगीबॅक (मूळ ईसीयू न बदलता त्याच्या जोडीला बसणाऱ्या) ट्यूनरबद्दल, म्हणजे पॉवर कमांडर, पॉवरट्रॉनिक, फ्यूएलएक्स यांसारख्या डब्यांबद्दल बोलतो आहोत. इंजेक्टरच्या (पेट्रोल फवारणाऱ्या नळाच्या) एका वायरीवर चावी फिरवली की १२ व्होल्ट येतात. दुसरी वायर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, काही मिलिसेकंद अर्थ करतो, आणि साधारण तेवढा वेळ इंजेक्टर उघडा राहतो. ट्यूनर या वायरीच्या मध्ये बसून तो वेळ टक्क्यांनी वाढवतो किंवा कमी करतो. किती, ते आरपीएम आणि थ्रॉटल बघून ठरवतो. त्यामुळे त्याला वीज, अर्थ, आरपीएम आणि थ्रॉटल यांपैकी एक जरी चुकीचं मिळालं, तरी उत्तम मॅपसुद्धा चुकीच्या जागी वाचला जातो.

पहिल्या दोन चाचण्या

१. ट्यूनर पूर्ण बाजूला काढा. इंजेक्टर, क्रँक सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर यांचे मूळ कप्लर एकमेकांना जोडा. ऑक्सिजन सेन्सरच्या जागी डमी प्लग लावला असेल, तर तोही काढून मूळ सेन्सर जोडा; इथेच बरेच जण विसरतात. गाडी थंड आणि गरम, दोन्ही अवस्थांत चालवून बघा. दोष तसाच राहिला, तर ट्यूनर निर्दोष आहे.

२. दोष गेला, तर ट्यूनर परत जोडा आणि त्यात शून्य मॅप टाका, म्हणजे सगळ्या खान्यांत ०. ऑटोट्यून (सेन्सर वाचून मॅप आपोआप बदलणारी सोय) बंद ठेवा. आता गाडी कंपनीतून आल्यासारखी चालली पाहिजे. चालली, तर दोष मॅपमध्ये आहे. नाही चालली, तर वायरिंग, कॅलिब्रेशन किंवा ट्यूनरचा डबा यांपैकी काहीतरी बिघडलं आहे आणि मॅप कितीही बदलला तरी फरक पडणार नाही.

पहिल्या चाचणीत ट्यूनर निर्दोष ठरला, तर नेहमीचे संशयित तपासा: एअर फिल्टर, प्लग, टॅपेट क्लिअरन्स, चावी फिरवल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंदांचा आवाज, थ्रॉटल बॉडी आणि हेड यांच्या मधला रबर. रबराला भेग असेल तर स्लोला चालू गाडीत तिथे कार्ब क्लीनर मारल्यावर आरपीएम बदलतो. इंजिन गार असताना, अगदी थोडाच मारा. तो पेट घेतो.

वीज आणि अर्थ

सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतं पण लागत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्यांदा लागतं, अशी तक्रार असेल तर बॅटरी मोजा. पूर्ण भरलेली बॅटरी विसावलेली असताना १२.६ व्होल्टच्या पुढे हवी, सेल्फ मारताना १० च्या खाली जाऊ नये, आणि रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ मध्ये असावी. सेल्फ मारताना व्होल्टेज फार पडलं तर ट्यूनर क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तो इंजेक्टरच्या वाटेवरच बसलेला असल्याने तेवढा वेळ पेट्रोल पडत नाही.

अर्थची वायर चेसिसच्या रंगवलेल्या बोल्टला नको, थेट बॅटरीच्या निगेटिव्हला हवी. तपासायचं असं: इंजिन चालू ठेवून मल्टीमीटरचं एक टोक ट्यूनरच्या अर्थवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर लावा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कच्चा आहे.

मग कप्लर. वायर न सोलता वरून चिमटा दाबून जोडणारे टॅप पावसाळ्यात हमखास दगा देतात: तांब्याचे धागे कापले जातात, आत पाणी शिरतं, हिरवा थर जमतो आणि दोष फक्त पावसात किंवा खड्ड्यांत दिसतो. ते काढून जोड सोल्डर करा, वर हीट श्रिंक चढवा. तयार कप्लर असतील तर पिन मागे सरकली आहे का ते बघा. बाहेरून कप्लर लागल्यासारखा दिसतो, पिन मात्र टेकलेली नसते. इंजिन स्लोला ठेवून हार्नेस एकेका जागी हलवणं ही सगळ्यात स्वस्त चाचणी. टाकीखाली आणि हँडल वळतं तिथे आधी हलवा. दोन सिलिंडरच्या गाडीत दोन्ही इंजेक्टरचे कप्लर अदलाबदल तर झाले नाहीत ना, हेही बघा. गाडी चालते, पण स्लोला थरथरते.

थ्रॉटल आणि आरपीएम

थ्रॉटल सेन्सर ५ व्होल्टवर चालतो. बंद असताना साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण उघडल्यावर चारच्या पुढेमागे आकडा येतो. नेमके आकडे गाडीगणिक वेगळे. ट्यूनरला हे दोन्ही टोकांचे आकडे शिकवावे लागतात. सॉफ्टवेअरमध्ये मूठ सोडल्यावर ० आणि पूर्ण पिळल्यावर १०० दिसलं पाहिजे. स्लोला २ किंवा ३ टक्के दिसत असतील, तर ट्यूनर शेजारच्या खान्यातलं पेट्रोल देतो. आकडा मध्येच उडी मारत असेल तर सेन्सर घासला आहे किंवा टॅप सैल आहे.

आरपीएमची गडबड ओळखायला सोपी आहे: गाडीचा मीटर स्थिर आणि सॉफ्टवेअरमधला आकडा नाचतो. कारण बहुतेक वेळा स्पार्कचा विद्युत गोंगाट. ट्यूनरची वायर कॉइल आणि प्लगच्या वायरीपासून लांब न्या. मधल्या काळात प्लग बदलला असेल तर त्याचा नंबर वाचा. एनजीकेच्या रेझिस्टर प्लगच्या नंबरात ‘आर’ असतो. बिनरेझिस्टरचा प्लग बसवल्यावर ट्यूनर वेडावल्याच्या तक्रारी खऱ्या असतात. क्रँक सेन्सरच्या दोन वायरी उलट जोडल्या तरी हेच होतं.

ईसीयू आणि ट्यूनर यांची ओढाताण

कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर अरुंद पट्ट्याचा असतो. तो ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये वरखाली होतो आणि ईसीयू त्याला ०.४५ च्या आसपास धरून ठेवतो. शांतपणे एकाच वेगाने जाताना ट्यूनरने ५ टक्के पेट्रोल वाढवलं, की ईसीयू ते काढून घेतो. ही सुधारणा तो लक्षातही ठेवतो, त्यामुळे पूर्ण थ्रॉटललाही त्याचा परिणाम उतरू शकतो. लक्षण असं: मॅप टाकल्यावर दोन दिवस गाडी झकास, मग पहिल्यासारखी. उपाय दोनच. त्या भागातले मॅपचे खाने ० ठेवा, किंवा त्या ट्यूनरसाठीच बनवलेला ऑक्सिजन मॉड्यूल वापरा. नुसता सेन्सर काढून ठेवू नका. चेक इंजिनचा दिवा लागतो. कोड वाचताना पी०१३१ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज कमी, पी०१३५ म्हणजे त्याच्या हीटरचं सर्किट, पी०२०१ म्हणजे पहिल्या इंजेक्टरचं सर्किट, पी०१२२ म्हणजे थ्रॉटल सेन्सरचं व्होल्टेज कमी. शेवटचे दोन ट्यूनर बसवल्यानंतर आले असतील, तर जवळजवळ नेहमीच कप्लर सैल असतो.

ऑटोट्यून करताना

वाइडबँड (रुंद पट्ट्याच्या, मिश्रण नेमकं मोजणाऱ्या) सेन्सरच्या आधी सायलेन्सर कुठे फुंकत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर मिश्रण पातळ आहे असं सांगतो, ऑटोट्यून पेट्रोल ओततच राहतो. प्लगवर काजळी आणि स्क्रीनवर ‘लीन’ असं दिसलं, तर गॅस्केट बघा. एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारा व्हॉल्व्ह असेल तर ट्यूनिंगपुरता तो बंद करा. फार आखूड सायलेन्सर असेल तर स्लोचं रीडिंग धरूच नका. मूठ सोडून उतारावर येताना ईसीयू पेट्रोल बंद करतो, म्हणून ० टक्के थ्रॉटलच्या रकान्यात वरच्या आरपीएमला ऑटोट्यूनचं लक्ष्य रिकामं ठेवा. एका खान्यात +२५ आणि शेजारी −५ आलं, तर ते स्वीकारू नका. इंजिनाची गरज इतकी उड्या मारत बदलत नाही.

ई२० बद्दल गैरसमज बरेच आहेत. शुद्ध पेट्रोलचं हवा-पेट्रोलचं संतुलित प्रमाण १४.७, ई१० चं साधारण १४.१ आणि ई२० चं साधारण १३.५. म्हणजे ई१० च्या काळातला मॅप ई२० वर पूर्ण थ्रॉटलला सुमारे ४ टक्के पातळ पडतो. तेवढं वाढवा. पण मीटरवरचं लक्ष्य बदलू नका: वाइडबँड लॅम्डा (मिश्रण संतुलित प्रमाणाच्या किती पट आहे तो आकडा; १ म्हणजे संतुलित) मोजतो आणि बहुतेक मीटर त्याला १४.७ ने गुणून दाखवतात, पेट्रोल कोणतंही असो. शक्य असेल तर मीटर लॅम्डावर ठेवा. पूर्ण थ्रॉटलला ०.८७ ते ०.९० ठीक.

डबा न लावता ईसीयू फ्लॅश करत असाल, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअरच बदलत असाल, तर एकच धोका मोठा: मध्येच बॅटरी बसणं. २०१७ पासूनच्या गाड्यांत हेडलाइट कायम चालू असतो, म्हणून आधी त्याचा फ्यूज काढा आणि बॅटरीला चार्जर लावा.

वॉरंटी आणि मोटार वाहन कायद्याचं (गाडीत बदल करण्याबद्दलचं) कलम ५२ दोन्ही आड येतात, त्यामुळे मूळ कप्लर कधीच कापू नका. ट्यूनर काढून गाडी मूळ स्थितीत आणता आली पाहिजे. काढल्यावर ईसीयूने जुळवून घेतलेले आकडे लगेच पुसले जात नाहीत. पीयूसीला नेण्याआधी काही दिवस गाडी चालवा.