आजोबांच्या हातात मेंडोलिन आहे, पण बोटं काय म्हणतात? जुना फोटो वाचायचा कसा

आमच्या मालवणच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यात आजोबांचा एक फोटो सापडला. काळा कोट, डोक्यावर टोपी, मागे रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि कठडा, आणि मांडीवर मेंडोलिन. झालं, आम्ही पोरांनी लगेच ठरवून टाकलं की आजोबा कलाकार होते, गिरणीत लागल्यामुळे कला मागे पडली वगैरे. मी तर ऑफिसात पण सांगत सुटलो. आत्याला फोटो दाखवला तर ती हसत सुटली, म्हणाली, "तेका खंय वाजवूक येय! फोटोवाल्यान हातात दिल्यान, ह्यान धरल्यान."

आत्या तेव्हा जन्माला पण आली नव्हती त्यामुळे तिचं एकदम खरं मानायचं कारण नाही, पण मग खरं-खोटं करायचं कसं, हे शोधताना जे शिकलो ते लिहितोय. कोकणात अशा ट्रंका घरोघर आहेत, कुणाच्या तरी उपयोगाला येईल.

आधी ते मेंडोलिनच आहे का ते बघा. हे वाटतं तेवढं सोपं नाही, कारण घरात विचारलं तर निम्मी माणसं "बेंजो" म्हणतील. आपल्याकडे बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं, गणपतीत आणि वरातीत वाजतं ते, म्हणजे बुलबुलतरंग, आणि त्याचं मूळ १९१२ च्या सुमारास जपानात निघालेल्या ताइशोगोतोमध्ये आहे. ते आडवं ठेवून वाजवतात, फोटोत मांडीवर तिरकं धरलेलं असेल तर ते हे नाही. खरा परदेशी बँजो गोल, डफासारखा, चामड्याचा असतो. मेंडोलिनला आठ तारा, पण दोन-दोनच्या चार जोड्या, त्यामुळे डोक्याला चार इकडे चार तिकडे अशा आठ खुंट्या. तारा दिसत नसतील तर खुंट्या मोजा, त्या जाड असतात आणि जुन्या फोटोत पण दिसतात. सहा असतील तर गिटार. आकाराने पण कळतं, मेंडोलिनच्या तारेचा वाजणारा भाग जेमतेम ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो, म्हणजे मोठ्या माणसाची दीड-दोन वीत. वाद्याचं पोटच छातीच्या बाहेर गेलेलं दिसलं तर शंका घ्या.

वेंगुर्ला, सावंतवाडी, खाली गोव्याकडे ज्यांची नाती आहेत त्यांनी अजून एक बघायचं. पोर्तुगीज गिटार नावाचं वाद्य तिकडे होतं, त्याचं पोट पण पेरूसारखं गोलसर, लांबून मेंडोलिनच वाटतं. पण त्याला बारा तारा, आणि डोक्यावर खुंट्या बाजूला नसतात तर पंख्यासारखा पसरलेला धातूचा पत्रा असतो. तो पंखा दिसला की मेंडोलिनचा विषय संपला.

आता बोटं. माझ्या मते सगळा फोटो इथेच आहे, चेहऱ्याकडे नंतर बघा.

डावा हात मानेवर असतो. वाजवणाऱ्याचा अंगठा मानेच्या मागे किंवा कडेला हलका टेकलेला असतो आणि बोटं वाकून, टोकावर उभी, पडद्यांच्या (म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या कांबींच्या) जवळ तारेवर पडलेली दिसतात. न वाजवणारा माणूस मान मुठीत धरतो, कोयत्याची मूठ धरावी तशी, आणि बोटं आडवी सगळ्या तारांवर चिकटलेली. आमच्या आजोबांनी तर असं धरलंय की सोडलं तर पळून जाईल. उजव्या हातात नखी आहे का बघा, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात छोटा त्रिकोणी तुकडा, तो दिसला नाही तरी त्या दोन बोटांची चिमूट झालेली दिसते. नुसता अंगठा तारेवर ठेवलेला असेल तर तो माणूस बहुतेक पोझ देतोय. उलट पण होतं हां, चांगला वाजवणारा फोटोसाठी हात सैल सोडून बसू शकतो, म्हणून एकट्या बोटांवर निकाल देऊ नका.

दुसरा साक्षीदार म्हणजे घोडी, तारा जिच्यावर टेकतात तो लाकडी ब्रिज. हे मला आमच्याच वाडीतल्या, बेंजो पार्टीत वाजवणाऱ्या एका मित्राने सांगितलं आणि मी गारच पडलो. मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, नुसत्या तारांच्या दाबाने उभी राहते. तारा सैल पडल्या की ती सरकते, तारा काढल्या की पडून हरवते. वाद्य सुरात असेल तर डोक्याकडच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर, जवळपास तेवढंच बाराव्यापासून घोडीपर्यंत लागतं. फोटो मोठा करून बघा. घोडी तिरकी, भलतीकडे सरकलेली किंवा नाहीच, असं दिसलं तर ते वाद्य कित्येक महिने कुणी वाजवलेलं नाही, ते स्टुडिओच्या कोपऱ्यात फुलदाणीशेजारी पडलेलं सामान आहे. आमच्या फोटोत घोडी भोकाच्या जवळ आलीये, आठपैकी एक खुंटी गायब, आणि तारा मोजल्या तर पाच. पाच तारांवर आजोबा काय वाजवणार.

स्टुडिओवाले मेंडोलिन का ठेवायचे याचं कारण सोपं आहे, छोटं असतं, मांडीवर बसतं, हात कुठे ठेवायचा हा प्रश्न मिटतो आणि माणूस शिकलेला, शौकीन वाटतो. शिवाय मुंबईच्या सिनेमासंगीतात मेंडोलिनचा आवाज भरपूर होता, संगीतकार सज्जाद हुसेन स्वतः मोठे मेंडोलिनवादक, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल मधले लक्ष्मीकांत सुद्धा आधी मेंडोलिनच वाजवायचे. मुंबईत खोलीवर राहणाऱ्या चाकरमान्याला फोटोत ते हातात धरावंसं वाटलं तर नवल नाही.

काही घरांत परदेशातले फोटो पण सापडतात, बोटीवर गेलेला कुणी काका तिकडच्या बंदरातून आणायचा, किंवा हल्ली लोक हौसेने ऑनलाइन विकत घेतात. तिथे हिशोब वेगळा. अमेरिकेत १८८० मध्ये स्पॅनिश स्टुडंट्स नावाचा वादकांचा ताफा गेला, ते खरं म्हणजे बांदुरिया हे मेंडोलिनसारखं दिसणारं स्पॅनिश तंतुवाद्य वाजवायचे, पण लोकांना ती मेंडोलिनच वाटली, मग तिथल्या इटालियन वादकांनी तसेच ताफे काढले आणि पुढची तीसेक वर्षं कॉलेजात, क्लबात, दिवाणखान्यात सगळीकडे मेंडोलिन. म्हणून तिकडच्या जाड पुठ्ठ्यावरच्या फोटोत, साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंचाच्या, मेंडोलिन घेतलेल्या मुलींचे अख्खे ग्रुप दिसतात आणि त्यातल्या बऱ्याच जणी खरंच वाजवायच्या. वाद्याची पाठ कलिंगडासारखी फुगीर, पट्ट्या जोडून केलेली, तर ती इटालियन नेपल्स पद्धत. पाठ चपटी किंवा जराशीच उठलेली आणि खांद्याला गोगलगाईसारखा वेटोळा, तर ती अमेरिकन गिब्सन पद्धत, ऑरविल गिब्सनला पेटंट १८९८ मध्ये मिळालं आणि कॅलमझूची कंपनी १९०२ ची. वेटोळं आहे आणि मधल्या गोल भोकाच्या जागी व्हायोलिनसारखी दोन एफ आकाराची भोकं आहेत, तर ते मॉडेल १९२२ मध्ये आलं, म्हणजे फोटो त्याच्या आधीचा असूच शकत नाही.

आणि एक गंमत, तिकडच्या पत्र्यावरच्या फोटोत सगळे डावखुरे वाटतात. ते फोटो थेट लोखंडी पत्र्यावर निघायचे, निगेटिव्ह नसायची, त्यामुळे चित्र आरशासारखं उलटं. लोहचुंबक चिकटला तर समजा पत्रा. कागदावरच्या फोटोत पण कधी कधी निगेटिव्ह उलटी घालून छापलेली असते. आजोबा डावखुरे म्हणून घोषित करायच्या आधी कोटाचा वरचा खिसा बघा, तो घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर असतो. घालणाऱ्याच्या उजव्या छातीवर आला तर छपाईच उलटी आहे.

आता फोटो उलटा करा. तारीख क्वचितच मिळते, पण शिक्का मिळतो, आणि शिक्क्यातला पत्ता म्हणजे जवळपास तारीखच. "मालवण, जि. रत्नागिरी" असेल तर १ मे १९८१ च्या आधीचा, त्या दिवशी सिंधुदुर्ग वेगळा झाला (जुना शिक्का संपेपर्यंत वापरणारे महाभाग असतातच, ते धरून चाला). मुंबईच्या पत्त्यात "मुंबई ४" असा एक-दोन आकडी नंबर असेल तर बहुतेक पिनकोडच्या आधीचा, सहा आकडी पिन १५ ऑगस्ट १९७२ ला आला. पाकिटावर किंमत आण्यात लिहिलेली असेल तर बहुतेक १९५७ च्या आधीचं, नवे पैसे त्या वर्षी एप्रिलपासून. शिक्का शाईचा नसून पुठ्ठ्यावर नुसता उठवलेला असेल तर सरळ बघून वाचता येत नाही, खोलीत अंधार करा आणि मोबाईलचा टॉर्च फोटोच्या बाजूने अगदी जमिनीलगत धरा, अक्षरं सावलीत उभी राहतात. आमच्या फोटोवर असंच "गिरगांव" निघालं.

पुढचं काम घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं. "आजोबा काय वाजवायचे?" असं विचारू नका, असं विचारलं की माणूस काहीतरी वाजवून देतोच. फोटो हातात द्या आणि गप्प बसा. मग विचारा, हा कोट घरात होता का, वाद्य घरात कधी बघितलं का, फोटो कशासाठी काढला. फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा, पण सांगून.

हे सगळं कधी करायचं? चाकरमानी घरी येतात गणपतीत, तेव्हाच ट्रंका उघडल्या जातात आणि तेव्हाच हवा सगळ्यात वाईट. दमट हवेत फोटोवरचा थर चिकट होतो, एकमेकांना आणि काचेला बसतो. म्हणून गणपतीत फक्त गप्पा मारा, मोबाईलवर फोटो घ्या आणि परत ठेवा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर अजिबात ओढायचा नाही, काचेसकटच स्कॅन करायचा. साफसफाई, सोडवणं, स्कॅनिंग हे दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत, कोरड्या हवेत. बुरशी आली असेल तर ओली असताना पुसू नका, पसरते, सावलीत वाळू द्या आणि मग अंगणात, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने झटका. पाणी, कोलीन, थुंकी, काही नाही.

आणि लॅमिनेशन करू नका. हात जोडून सांगतो. आमच्या चुलत भावाने आजीचा एकुलता एक फोटो बाजारात नेऊन लॅमिनेट करून आणला, दुकानदाराने पण "आयुष्यभर टिकतला" म्हणून सांगितलं, दोन पावसाळ्यांत आत बुरशीची नक्षी आली आणि आता ते प्लास्टिक काढता येत नाही.

स्कॅन ६०० डीपीआयला, फोटो पासपोर्टएवढा असेल तर १२०० ला, आणि मूळ फाइल टिफ (TIFF) प्रकारात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तारा मोजायला तारा राहत नाहीत. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ टेबलावर ठेवून, फ्लॅश बंद करून, बरोबर वरून. फोटोचा काळा भाग निळसर आरशासारखा चमकत असेल तर ती फोटोच्या थरातली चांदी वर आलेली असते, पुसत बसू नका, प्रकाशाची बाजू बदला. त्या रंग भरणाऱ्या अ‍ॅपपासून पण सांभाळा. मी मोठ्या उत्साहाने आजोबा टाकले, तर बाहेर आले गोरेपान, नवीकोरी घोडी, सगळ्या खुंट्या जागेवर आणि डाव्या हाताला सहा बोटं. पुरावाच गेला ना सगळा! गंमत म्हणून करा, पण मूळ फाइल वेगळी ठेवा.

शेवटची गोष्ट, आणि मला याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. तोच शिक्का असलेले फोटो शेजारीपाजारी शोधा. एका गावची माणसं मुंबईत एकाच खोलीवर राहायची, एकाच खानावळीत जेवायची, फोटोला पण एकाच स्टुडिओत जायची. मी दिवाळीत वाडीत विचारत फिरलो, तर चौथ्या घरात काकीने तिच्या सासऱ्यांचा फोटो काढला. तोच पडदा, तेच तळं, मांडीवर मेंडोलिन, आणि वरून तिसरी खुंटी गायब. दोन्ही फोटो घेऊन मी आत्याकडे आलो. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि काकीला हाक मारली, "अगो, कोट पण तोच!" खरंच तोच होता, खिशाजवळ तेच ठिगळ, फक्त आमच्या आजोबांना बाह्या लांब होत होत्या आणि काकीच्या सासऱ्यांना आखूड.

फोटोच्या मागे नोंद करायची ती मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, न दाबता, बॉलपेनने कधीच नाही. मी लिहिलंय: गिरगाव, लग्नाआधी गावी पाठवलेला. वाद्य स्टुडिओचं, कोट स्टुडिओचा, चपला आजोबांच्या.