नाशिकहून मुंबईला जाताय? मग आठवड्याचं हवामान असं बघा

वडिलांच्या उपचारांसाठी गेली दोन वर्षं महिन्यातून तीन-चार वेळा मुंबईला जाणं होतंय, सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस पकडायची आणि संध्याकाळी तिनेच परत यायचं. त्यामुळे रविवारी रात्री जेवणं झाली की मुंबईचा सात दिवसांचा अंदाज बघायची सवयच लागलीये. ओळखीतले बरेच जण विचारतात की नक्की काय बघतेस, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

पहिली गोष्ट म्हणजे नुसता तापमानाचा आकडा बघून ठरवू नका, आपल्या नाशिकच्या लोकांची इथेच गल्लत होते. मे महिन्यात इथे 39 असतं आणि मोबाइलवर मुंबईला 33 दिसतं, मग वाटतं चला, तिकडे जरा बरं असेल. पहिल्या खेपेला मी पण हेच समजून वडिलांना दुपारी एक वाजता दादरच्या पुलावरून चालवत नेलं, पूल संपेपर्यंत त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि हात थरथरायला लागले होते. आपल्याकडे घाम येतो आणि वाळतो, म्हणून अंग थंड राहतं, मुंबईत तो वाळतच नाही. म्हणून ॲपमध्ये खाली जाऊन ड्यू पॉइंट म्हणजे दवबिंदू बघा, हवेत खरोखर किती पाणी आहे हे सांगणारा अंशांतला आकडा. 20 च्या आत असेल तर छान, 24 च्या वर गेला की चिकचिक आणि धाप, आणि मे महिन्यात मुंबईत तो 25-26 असणं नेहमीचंच. आर्द्रतेचा टक्का बघून फसायला होतं, कारण सकाळी 85 दिसतो आणि दुपारी 60, पण हवेतलं पाणी जवळपास तेवढंच असतं, फक्त तापमान वाढल्यामुळे टक्का खाली येतो. दवबिंदू जास्त असलेल्या दिवशी मी वडिलांसाठी एक जादा सुती शर्ट घेते, ओआरएसची दोन पाकिटं घेते आणि चालायचं काम शक्यतो दुपारच्या आत उरकते.

उष्णतेच्या लाटेचा निकष पण दोन्हीकडे वेगळा आहे हे लक्षात ठेवा. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान 40 लागतं, किनाऱ्यावर मात्र 37 झालं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असलं की लाटेचा इशारा येऊ शकतो. म्हणजे मुंबईसाठी 37 दिसलं तर आपल्या एप्रिलच्या हिशोबाने मोजू नका.

मार्च-एप्रिलमध्ये वाऱ्याची दिशा जरूर बघा. शाळेत भूगोलात खारे वारे, मतलई वारे शिकलो ना, तेच. एरवी दुपारच्या आत समुद्रावरून खारे वारे सुरू होतात आणि पारा तिथेच थांबतो, पण पूर्वेचा वारा जोरात असला तर खाऱ्या वाऱ्यांना उशीर होतो आणि मग त्या दिवशी मुंबई 38-39 पर्यंत जाते. तासातासाच्या अंदाजात दुपारी दोनपर्यंत वाऱ्याचा बाण पूर्वेकडूनच येताना दिसला तर जाणं पुढे ढकलता येत असेल तर ढकला.

आता पाऊस, आणि खरं काम इथेच आहे. ढगाचं चित्र रोजच असतं, जून ते सप्टेंबर सातही दिवस तेच, त्यावरून काही कळत नाही. मिलिमीटर बघा. हवामान खात्याच्या भाषेत 24 तासांत 64.5 ते 115.5 मिमी म्हणजे जोरदार, 204.4 पर्यंत अति जोरदार, आणि त्याच्या वर म्हणजे अत्यंत जोरदार. हे 24 तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असे धरतात. शिवाय ‘तुरळक ठिकाणी’ लिहिलंय की ‘बहुतांश ठिकाणी’ हे पण वाचा, कारण मुंबई एक नाहीये. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला 75 सुद्धा नाही!

पण नुसत्या पावसाने मुंबई तुंबत नाही, भरती जोडीला आली की तुंबते. समुद्र वर असला की नाल्यांचं पाणी बाहेर जायला जागाच राहत नाही. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोरदार पाऊस एकाच वेळी असेल तर सायन, कुर्ला, हिंदमाता हे भाग टाळा. भरतीची वेळ घरच्या कॅलेंडरवरून पण काढता येते, कोकणातली जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि रात्री तीनच्या आसपास भरती. अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कामापुरतं भागतं. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे, आणि मुंबईत तेव्हा भरती भर दुपारी बारा-एकच्या सुमारास येते, म्हणजे नेमकी डॉक्टरांच्या वेळेत. मी आता तारीख घेतानाच भिंतीवरचं कॅलेंडर बघते.

घाट विसरू नका. नाशिकात कॉलेज रोडला नुसती भुरभुर असते आणि इगतपुरीत धो धो चालू असतं, म्हणून नाशिक जिल्ह्याचा इशारा वाचताना घाटाचा वेगळा दिलेला असतो तो वाचा. कसाऱ्यासाठी ठाणे जिल्ह्याचा बघावा लागतो. घाटाला ऑरेंज किंवा रेड असेल तर गाडी वेळेवर पोचेल असं धरूच नका.

आणि सात दिवसांतले पहिले तीनच दिवस भरवशाचे माना, चौथ्यापासून पुढे फक्त कल बघायचा, पाऊस वाढतोय की कमी होतोय एवढंच. गुरुवारी जायचं असेल तर रविवारी बघून फक्त मनाची तयारी करा, मंगळवारी रात्री परत बघा आणि खरा निर्णय बुधवारी संध्याकाळी घ्या. निघायच्या दिवशी पहाटे पाच वाजता मी खात्याच्या साइटवर मुंबईचं रडार उघडते, कुलाब्याचं आणि वेरावलीचं अशी दोन आहेत. समुद्राकडून जोरदार पावसाचे लाल-पिवळे पट्टे आत सरकताना दिसले, त्यात उधाणाची दुपार असली, तर वडिलांना उठवतच नाही, दवाखाना उघडला की फोन करून पुढची तारीख मागून घेते.