बगळा, भिंत आणि विसरलेला आयएसओ

कॅमेरा घेतल्यावर पहिले सहा महिने मी सहलींची वाट बघत बसलो. डोंगर नाहीतर समुद्र समोर असल्याशिवाय बॅग उघडायचीच नाही, असा खाक्या. मग दोन सहलींच्या मधे कुठलं बटण कशाचं तेच विसरायला व्हायचं. शेवटी ठरवलं: रोज सकाळी अर्धा तास, तोच रस्ता, तीच ५० मिमीची लेन्स. माझा क्रॉप सेन्सर (फोटो टिपणारा भाग फुल-फ्रेमपेक्षा लहान), दीडपटीचा. त्यावर ही लेन्स ७५ मिमीसारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी मावतं. झूम नसल्याने पुढे-मागे पायांनीच व्हायचं. आठवडाभर चिडचिड झाली, मग कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच चौकटीत काय मावेल ते कळायला लागलं.

रस्त्याच्या शेवटी तळं आहे, तिथे एक बगळा उभा असायचा. त्याचे पहिले वीसेक फोटो अगदी वाया गेले. बगळा म्हणजे नुसता पांढरा डाग, एकही पीस दिसेना. मी लेन्सला दोष देत होतो. चूक मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा भाग, न समजण्याची होती. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. चौकटीत काळं पाणी जास्त, म्हणून तो उजेड वाढवतो आणि बिचारा बगळा जळतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करायची सोय) उणे १ केलं आणि पिसं दिसायला लागली. गंमत म्हणजे त्याच रस्त्यावरच्या चुन्याच्या भिंतीला नेमकं उलटं करावं लागतं. तिथे चौकटभर पांढरंच, मग मीटर तिला मळकट करून टाकतो. अधिक १ द्यावं लागतं. पुस्तकात हे मी दोनदा वाचलं होतं. कळलं मात्र बगळ्यामुळे.

आता फजितीचं. एकदा रात्री खोलीत फोटो काढले, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, त्याचा आकडा) अंधारासाठी वाढवून ३२०० वर. दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात तसाच बाहेर पडलो. अपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) एफ/८, मोड अपर्चर प्रायॉरिटी, म्हणजे छिद्र मी ठरवायचं आणि शटरचा वेग कॅमेऱ्याने. स्क्रीनवर शटरचा १/४००० सेकंदाचा आकडा लुकलुकत होता. मला वाटलं, वा, कॅमेरा किती चपळ! तो खरं तर सांगत होता की याहून वेगाने शटर मारणं मला जमत नाही आणि उजेड जास्त होतोय. चाळीस फोटो पांढरेफटक. तेव्हापासून घराबाहेर पडताना किल्ली, मोबाइल आणि आयएसओ, अशा तीन गोष्टी तपासतो.

शटरबद्दल थोडक्यात: चालत्या माणसाला निदान १/२५०, सायकलला १/५०० धरून सुरुवात करा, मग कमी-जास्त करा. आणि रॉमध्ये (सेन्सरची सगळी माहिती ठेवणारी कच्ची फाइल) काढा. सावलीतलं बरंच परत आणता येतं, पूर्ण उडालेलं पांढरं मात्र येत नाही.

अनोळखी माणसांचे फोटो हा माझ्यासाठी अजूनही अवघड विषय. लपून काढलेले मला स्वतःलाच आवडत नाहीत. कॅमेरा दिसेल असा हातात धरतो, नजर मिळाली की मानेने विचारतो. नाही म्हटलं तर विषय संपला. हो म्हटलं की माणूस ताठ उभा राहतो आणि पहिला फोटो हमखास पुतळ्याचा येतो. तो काढायचा, स्क्रीनवर दाखवायचा. आपलाच चेहरा बघून हसू येतं, तेव्हाचा दुसरा फोटो ठेवायचा.

घरी आल्यावर लगेच निवड करू नका. काढताना जी मेहनत पडली, तिचे गुण आपण फोटोला देत असतो. मी आठवडाभर थांबतो. गेल्या महिन्यातले २१२ फोटो असे चाळले, उरले तीन. त्यातल्या एकात बगळा उडून गेलाय आणि पाण्यावर फक्त वलयं आहेत. शटर उशिरा दाबलं गेलं होतं.