थंडीची सुट्टी, दोन लहान मुलं आणि दुपारची झोप

सुट्टी लागली की आपण आधी कुणाकडे जायचं, कुणाला बोलवायचं याची यादी करतो. माझं म्हणणं, यादी नंतर करा. आधी दुपारची झोप कुठे बसते ते बघा. आमच्याकडे थोरला साडेचार वर्षांचा, धाकटी दीडची. जेवण झालं की धाकटी पेंगुळते, आणि तेव्हा तिला आडवं व्हायला मिळालं की नाही यावर त्या दिवशी आम्हा सगळ्यांची संध्याकाळ ठरते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात ११ ते १४ तास झोप लागते आणि तीन ते पाच वयाला १० ते १३, दुपारची धरून. सुट्टीत रात्री उशीर होणारच. तो भरून काढायला दुपार लागते. म्हणून सकाळी एक कार्यक्रम, संध्याकाळी फार तर दुसरा, आणि मधली दुपार कुणी कितीही आग्रह केला तरी द्यायची नाही. जागरण एखाद्या रात्री चालतं. लागोपाठ दोन रात्री झालं, की तिसऱ्या दिवशी मोजा चढवण्यावरून रडारड ठरलेली.

घरी असाल त्या दिवशी सकाळीच बाहेर पडून या. ऊन असो नसो, उजेड तरी असतो, आणि अंधार लवकर पडत असल्याने ‘संध्याकाळी जाऊ’ म्हटलेलं सहसा राहून जातं. कपड्यांचा हिशोब सोपा आहे: आपल्या अंगावर जितके थर, त्याहून मुलाला एक जास्त. थंडी वाजतेय का हे हात चाचपून बघू नका, लहान मुलांचे हात बरेचदा गारच लागतात. मानेमागे बोटं घाला. तिथे उबदार असेल तर ठीक, घाम असेल तर एक थर उतरवा.

घरातल्या खेळांसाठी नवं काही आणायची गरज नाही. आमच्याकडे सगळ्यात टिकलेला खेळ म्हणजे जमिनीवर चिकटवलेला रस्ता. कागदी चिकटपट्टी घेऊन दिवाणखान्यातून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत रस्ता काढायचा, टेबलाखालून बोगदा, पुठ्ठ्याच्या खोक्याचं गॅरेज. थोरला गाड्या चालवतो, धाकटी एका कोपऱ्यापासून पट्टी नखाने सोलत बसते. तो ओरडतो, ती सोलते, मी पुन्हा चिकटवते. यात सकाळ निघते. तिचा खेळ सोलण्याचाच आहे हे एकदा मान्य केलं की भांडण अर्धं मिटतं: तिला तिची वेगळी पट्टी द्या, शक्यतो रस्त्यापासून लांब.

टीव्ही-मोबाइलच्या पडद्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेलं प्रमाण असं: दोन वर्षांखाली बसून बघणं नकोच, दोन ते चार वयाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तम. दोन वयांची मुलं एकाच घरात असली की हे अवघड जातं. एक बघत असताना दुसरीचे डोळे बांधणार का? आम्ही थोरल्याचं बघणं धाकटीच्या झोपेत बसवलंय. मला तेवढ्यात चहा गरम असताना पिता येतो, हाही हेतू आहे, लपवत नाही.

आता पाहुणे. मित्रमंडळी मुलांसकट येणार असतील तर आदल्या दिवशी मुलासमोर एक रिकामं खोकं ठेवा आणि विचारा, खेळण्यांतलं कुणालाच द्यायचं नाही असं काय? आमच्याने पिवळी क्रेन टाकली, मग चाक निघालेली बस, मग थोडा विचार करून क्रेन बाहेर काढली आणि पुन्हा आत ठेवली. खोकं कपाटावर गेलं. बाहेर उरलं ते सगळ्यांचं, हा करार. ‘शहाणा ना तू, दे बरं त्याला’ हे दोन वर्षांच्या मुलाला सांगून फारसं कळत नाही. त्या वयात मुलं एकमेकांशी खेळण्यापेक्षा शेजारी शेजारी बसून आपापलं खेळतात. समाजशास्त्रज्ञ मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यातही हा समांतर खेळ आहे. तेव्हा एकसारख्या दोन-तीन वस्तू मांडा, अगदी वाट्या-चमचे चालतील, आणि मध्ये पडायची घाई करू नका.

पाहुणे येण्याआधी एक फेरी मात्र गुडघ्यावर बसून मारा. पाहुण्यांच्या पर्स जमिनीवर नकोत, त्यात गोळ्या असतात. हीटरपासून माणसं आणि पांघरुणं मीटरभर लांब. अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं लहानग्यांच्या हाताशी नकोत. द्राक्षं उभी चिरून द्या. आणि सगळ्यात मुख्य, बटणासारखे चपटे सेल. रिमोट, लुकलुकणाऱ्या शोभेच्या वस्तू, वाजणारी शुभेच्छापत्रं, सगळ्यात असतात. गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांत गंभीर भाजू शकते, मूल वरून ठणठणीत दिसत असलं तरी. नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठा.

आपण दुसऱ्याकडे जाणार असू तर निघण्याआधी फोन करून सरळ विचारा: घरात कुणी आजारी आहे का? आपल्याकडचंही सांगा. उलट्या-जुलाब थांबून ४८ तास होईपर्यंत कुणाकडे जाऊ नये. त्या विषाणूंपुढे हाताला लावायचं सॅनिटायझर फारसं टिकत नाही, साबण-पाणीच लागतं. तिकडे तान्हं बाळ असेल तर आपल्या शेंबड्या पोरांना पापी घेऊ देऊ नका. आपल्या मुलांवरही ‘काकूला पापी दे’ची सक्ती नको. आल्या आल्या ती पायाला चिकटतात, चिकटू द्या. थोड्या वेळाने कोपऱ्यातल्या खेळण्याकडे आपणच सरकतात.

गाडीत बसवताना जाड जॅकेट काढा. फुगीर कापडावरून पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की कापड दबतं आणि पट्टा सैल पडतो. पातळ कपड्यांवर पट्टा आवळा, जॅकेट वरून पांघरा.

निघायची वेळ घरूनच ठरवून जा आणि यजमानांना पोचल्या पोचल्या सांगून टाका, म्हणजे नंतर आग्रहाचा खेळ रंगत नाही. मूल मजेत असतानाच उठायचं. ‘दहा मिनिटांनी जायचं’ याचा साडेचार वर्षांच्या मुलाला उपयोग नाही, ‘अजून दोन वेळा बोगद्यातून गाडी, मग बूट’ हे कळतं. बूट घालताना हातात काम द्या: पिशवी धरायची, दिवा बंद करायचा, तिकडच्या बाहुलीला झोपवायचं.

उशीर होणार असेल तर रात्रीचे कपडे बरोबर न्या. दात तिकडेच घासून, कपडे बदलून निघा. मोरीच्या दारात कुणी हसलं तर हसू दे. गाडीत डोळा लागला तर घरी पोचल्यावर तसंच उचलून अंथरुणात ठेवता येतं.