उभी गाडीच जास्त छळते: पावसाळ्यात या चुका टाळा

गेल्या श्रावणात आमची गाडी तीन आठवडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती. परत आल्यावर सेल्फ मारला, गाडी लगेच सुरू झाली. पहिला गिअर टाकून क्लच सोडला, तर मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी गाडी नुसती दबली. मी रेस वाढवली. ती माझी दुसरी चूक. पहिली तीन आठवड्यांपूर्वीच झाली होती: गाडी धुतली, ओलीच उभी केली आणि हॅन्डब्रेक करकचून ओढला.

बहुतेक छोट्या गाड्यांच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. हॅन्डब्रेक ओढला की ब्रेकच्या शूवर बसवलेले घर्षणाचे पट्टे, म्हणजे लायनर, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबून बसतात. दमट हवेत ड्रमला गंज चढला की ते तिथेच चिकटतात. अशा वेळी जोर लावला, तर लायनर शूपासून उखडून ड्रममध्ये अडकू शकतो आणि खर्च वाढतो. हॅन्डब्रेक पूर्ण खाली करून आधी हळूच रिव्हर्स, मग पहिला, असं दोन-चारदा करा. बऱ्याचदा ‘टक्’ आवाज येऊन चाक सुटतं. नाही सुटलं तर मेकॅनिकला बोलवा. तो ड्रमवर बाहेरून हातोडीने ठोकून मोकळा करतो. गाडी धुतली असेल तर एक चक्कर मारून ब्रेक वाळवा. जागा सपाट असेल तर पहिल्या गिअरमध्ये उभी करा, चाकांच्या पुढेमागे विटा लावा आणि हॅन्डब्रेक सोडून द्या. उतारावर मात्र हे शहाणपण नको, तिथे हॅन्डब्रेक हवाच.

आता बॅटरी. “मी रोज खाली जाऊन पाच मिनिटं गाडी चालू ठेवतो,” असं सांगणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. हेतू चांगला, पण सेल्फ मारताना खर्च झालेली वीज जागेवरच्या पाच मिनिटांत नीट भरून निघत नाही. शिवाय सायलेन्सर पुरता तापत नाही, त्यात साचलेलं पाणी तसंच राहतं आणि तो आतून गंजतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवा. महिनाभर बाहेर जाणार असाल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. नेहमी निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी जोडायची, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर मोठी ठिणगी उडते. आणि हो, डिकी फक्त बटणावर उघडत असेल तर सामान आधीच काढून घ्या. हे मला कसं सुचलं ते विचारू नका.

सेल्फ मारल्यावर नुसतं ‘टकटकटक’ झालं की लोक थेट नवी बॅटरी आणतात. आधी टर्मिनल, म्हणजे बॅटरीवर वायरी जोडतात ती टोकं, बघा. पांढरी-हिरवट पूड जमली असेल तर वायरी काढून कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा. मल्टिमीटर मिळाला तर अंदाज लगेच येतो: गाडी काही तास बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी. इंजिन चालू केल्यावर आकडा 14च्या जवळ जायला हवा. हललाच नाही, तर दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरमध्ये किंवा त्याच्या बेल्टमध्ये शोधा. नवी बॅटरीही चार दिवसांत झोपेल.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंप स्टार्ट करताना काळ्या केबलचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला लावू नका, इंजिनच्या उघड्या धातूला लावा. बॅटरीजवळ हायड्रोजन साठलेला असू शकतो, ठिणगी तिथून लांब पडलेली बरी.

पायाखालचं कार्पेट ओलं होतंय म्हणून मी दाराची रबरं बदलून घेतली होती. पाणी येत होतं भलतीकडूनच. पुढच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी जाळी असते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे पाचोळा कुजतो, निचऱ्याची भोकं बुजतात आणि तुंबलेलं पाणी ब्लोअरच्या वाटेने आत उतरतं. मी बोटांनी काढला तेव्हा काळ्या चिखलाचा ओंजळभर गोळा निघाला. रबरं आपली उगाच.

उंदरांवर डांबरगोळ्या चार दिवस चालतात. खरा उपाय म्हणजे गाडीत खाऊचा कण न ठेवणं आणि उभी गाडी काढण्याआधी बोनेट उघडून वायरी बघणं. टायरची हवा गाडी थंड असतानाच भरा. टायरवर चार आकड्यांत जन्मतारीखही असते: 2319 म्हणजे 2019चा तेविसावा आठवडा.

आणि बेसमेंटमध्ये पाणी भरून गाडी बुडाली असेल, तर ‘बघू चालू होते का’ म्हणून किल्ली फिरवू नका. इंजिनमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर वेगळं घेतलेलं नसेल तर विमा कंपनी बहुधा हात वर करते. बॅटरीची वायर काढणं सुरक्षित असेल तर काढा, टोइंगची गाडी बोलवा आणि ती येईपर्यंत फोटो काढून ठेवा, पाणी दारावर कुठपर्यंत चढलं होतं ते दिसेल असे.