कोकणात जुनी मोटरसायकल घेताना: आधी नंबर, मग इंजिन

जुनी मोटरसायकल बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा किक मारतो. चालू झाली की खूश, नाही झाली की भाव पाडायला मोकळा. सोबत आलेला कुणीतरी हमखास सांगतो, "कागदाचं नंतर बघू, एजंट करून देतो." हा सल्ला कोकणात तरी ऐकू नका. इंजिन पैसे टाकले की सुधारतं. गंजून गेलेला चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला तिचा ओळख क्रमांक, कितीही पैसे टाकले तरी परत येत नाही.

१. गाडी शोधा

चांगल्या गाड्या जाहिरातीत क्वचित येतात. गुहागर, दापोली, राजापूर, मालवण या पट्ट्यात त्या पडवीत नाहीतर मागच्या खोपीत गोणपाटाखाली उभ्या असतात. तालुक्याच्या गावातला जुना मेकॅनिक गाठा. कुठल्या वाडीत कुणाची येझदी बंद पडून आहे, हे त्याला तोंडपाठ असतं. बोलणी करायला गौरी-गणपतीत किंवा शिमग्यात जा. कारण पुढे सांगतो.

२. कुठली घ्यायची ते आधी ठरवा

म्हैसूरच्या कारखान्यातल्या जावा आणि येझदी, एस्कॉर्ट्सची राजदूत १७५, १९८३ पासून निघालेली राजदूत ३५०, १९८५ ते १९९६ मधली यामाहा आरएक्स १००, मद्रासची बुलेट. येझदी, आरएक्स आणि बुलेटचे सुटे भाग पुण्यात नाना पेठेत मिळतात. राजदूत ३५० चे मूळ भाग जमवताना दम निघतो. पहिलीच जुनी गाडी असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

३. चेसिस नंबर वाचा

मी स्वतः सगळ्यात जास्त अडलो तो इथेच, म्हणून सविस्तर सांगतो.

इंजिन नंबर क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या आवरणावर असतो. ते आवरण अॅल्युमिनियमचं असल्यामुळे तो बहुधा वाचता येतो. चेसिस नंबर मात्र बहुतेक गाड्यांवर हँडलखाली, फ्रेमच्या गळ्यावर पंच केलेला असतो आणि तो गळा लोखंडी. हँडल वळतं तसे केबल आणि वायरिंगचा जुडगा तिथेच घासतात, रंग उडतो. वर समुद्राची खारी हवा. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, त्यामुळे पाऊस सरला तरी लोखंड नीट सुकत नाही. किनाऱ्यावर दहा-पंधरा वर्षं उभ्या असलेल्या गाडीचा बाकी सांगाडा धड असतो आणि नंबराच्या जागी नुसता तांबडा पापुद्रा असतो.

आता मेकॅनिक म्हणेल, "ग्राइंडर मारतो, दोन मिनिटांत चकाचक." तिथल्या तिथे त्याचा हात धरा. पंचाची खोली मुळातच थोडी, त्यातली निम्मी गंजाने खाल्लेली. ग्राइंडर, कानस, खरखरीत पॉलिश पेपर यांपैकी काहीही लावलं की उरलेला नंबरही पुसला जातो. तो गेला की गाडीची ओळखच गेली.

करायचं ते असं. आधी रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने ग्रीस आणि माती काढा. वर रंग असेल तर पेंट रिमूव्हर लावून तो मऊ करा आणि लाकडी चिपेने खरवडा. मग लिंबूफूल पाण्यात विरघळवून त्यात कापूस भिजवा, नंबरावर बसवा, वरून प्लॅस्टिक गुंडाळा आणि दोन-तीन तास हात लावू नका. जुन्या टूथब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा, पुसून कोरडं करा. गरज पडली तर पुन्हा करा. घाई केलीत तर घासायचा जोर वाढतो आणि नुकसान होतं.

कोरड्या नंबरावर पांढरा खडू घासून वरचा हलक्या हाताने पुसा. खाचांत खडू राहतो, आकडे उठून दिसतात. हातातली बॅटरी, म्हणजे टॉर्च, समोरून मारू नका. पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवी धरा. शेवटी पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने ठसा घ्या. आरटीओतही असाच ठसा मागतात. तुम्हाला उठला नाही तर तिथेही उठणार नाही.

ठसा आरसी बुकाशी एकेक आकडा लावून बघा. जुनी बुकं हाताने लिहिलेली, त्यामुळे इंग्रजी १ आणि ७ मध्ये गल्लत होते. ३ आणि ८ त्याहून वाईट. वेंगुर्ल्याकडच्या एका बुलेटच्या बुकात ८ होता आणि गळ्यावर स्वच्छ ३ दिसत होता. खडू भरल्यावर डावीकडच्या दोन पुसट कडा उमटल्या, तो ८ च निघाला. उलटही घडतं, म्हणून अंदाजाने होकार देऊ नका.

खोटा नंबरही ओळखता आला पाहिजे. बाकी गळा गंजलेला आणि नंबरापुरताच नवा रंग, आकडे कमीजास्त खोल, ओळ तिरकी, आजूबाजूला कानशीचे सपाट ओरखडे किंवा वेल्डिंगचा फुगवटा: यातलं एक जरी दिसलं तरी निघा. "पुसटलाय तर नवा पंच करून घेऊ" असं कुणी म्हणालं तर त्याच्याशी व्यवहारच नको. स्वतःहून नंबर पंच करणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण.

४. बाकी गंज

टाकीत टॉर्च मारा, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि सीटखालची फ्रेम बोटाने ठोकून बघा. आवाज बद्द आला तर लोखंड कुजलंय.

५. इंजिन

जाम असेल तर घाबरू नका. ते धरून भाव करा.

६. कागद

बुक वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतं आणि ते हयात नसतात. अशा वेळी गाडी आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर आणि मग २९ व ३० भरून तुमच्या नावावर होते. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. एक भाऊ परळला, एक डोंबिवलीला, बहीण चिपळूणला. हे सगळे एका घरात सापडतात ते गणपतीत नाहीतर शिमग्यात, म्हणून तेव्हा जायचं. संमती स्टॅम्पपेपरवर घ्या, तोंडी नको. चाकरमान्याने मुंबईहून आणलेली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, लागते. बुक जुनं असेल तर त्याची नोंद ऑनलाइन चढली आहे का हे विसार देण्याआधी बघा. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण झालंय का, तेही बघा.

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात "व्हीए" ही अक्षरं. पण ती गाडी प्रदर्शन, रॅली अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोज फिरवता येत नाही. रोजच्या बाजारहाटाला न्यायची असेल तर साधं नूतनीकरणच करा.

७. घरी आणताना

टेम्पोत घाला, चालवत आणू नका. गोड्या पाण्याने धुऊन वाळवा आणि नंबरावर ग्रीसचा पातळ थर द्या. दरवर्षी मिरगाच्या आधी तो पुसून नवा लावा. मधल्या काळात गाडीवर प्लॅस्टिक कव्हर घालू नका, आत घाम धरतो; सुती चादर घाला आणि वारा खेळता ठेवा.